लेकराला तापात झटके आले, तर घराने आधीच काय ठरवून ठेवावं

बीड जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांना दोन लेकरं, मुलगी चार वर्षांची आणि मुलगा दीड वर्षाचा. नवरा चाकणला कंपनीत, पंधरा दिवसांतून एकदा येतो. घरी सासू-सासरे. मागच्या महिन्यात मुलाला संध्याकाळी ताप आला आणि रात्री झटके आले. डोळे वर फिरले, दातखीळ बसली, ओठ निळे पडले. घरातल्यांनी कांदा हुंगवला, दातात चमचा घातला, तोंडात पाणी सोडलं. सासऱ्यांनी चाकणला फोन लावला, तो लागेना. शेवटी शेजारच्या पोराच्या मोटारसायकलवर तालुक्याला आणि तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात. तीन दिवसांनी लेकरू खेळत घरी आलं. पण घर अजून त्या रात्रीतून बाहेर आलेलं नाही. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, शेजारीण म्हणते मिरगी आहे, आणि ताप आईला आधी कळला कसा नाही, हेही कानावर येतं. त्यात मुलगी दर महिन्याला सर्दी-खोकल्याने आजारी. ताई विचारतात: ही मिरगी आहे का, परत होईल का, झालं तर मी एकटीने काय करू? आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, त्याचं काय?

ताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि अशी लेकरं पावसाळ्यात, हिवाळ्यात, जवळजवळ प्रत्येक आठवड्याला बघतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे तापातले झटके आहेत. सहा महिने ते पाच वर्षं या वयात मेंदू वाढत असतो आणि ताप चढताना काही मुलांना झटका येतो. दर शंभर मुलांत दोन ते पाच मुलांना हे होतं. म्हणजे तुमच्या गावात, तुमच्याच वाड्यावर, लहानपणी असं झालेली माणसं आज शेती करतायत, शाळेत शिकवतायत. त्यांना ते आठवतही नाही. सासऱ्यांना आणि नवऱ्याला विचारा, घराण्यात कुणाला लहानपणी झालं होतं का. बऱ्याचदा आजीच म्हणते, "याच्या बापाला पण एकदा झालं होतं."

मिरगी म्हणजे ताप नसताना पुन्हा पुन्हा येणारे झटके. साधे तापातले झटके येऊन गेलेल्या शंभरातल्या एक-दोघांना पुढे मिरगी होते, आणि झटका कधीच न आलेल्या मुलांतही हे प्रमाण फार कमी नाही. या झटक्याने बुद्धी कमी होत नाही, अंग लुळं पडत नाही. साधा झटका म्हणजे सगळ्या अंगाला आलेला, पंधरा मिनिटांच्या आत थांबलेला, चोवीस तासांत एकदाच झालेला. तुमच्या लेकराचा यातच बसतो. अशा साध्या झटक्यासाठी मेंदूचा आलेख काढायची किंवा वर्षभर रोज औषध द्यायची गरज नसते. कुणी सांगितलं असेल तर का सांगितलं ते त्याच डॉक्टरांना विचारा. विचारायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

परत होईल का? होऊ शकतं. साधारण तीनातल्या एकाला पुन्हा होतं. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण तयारी यावरच उभी आहे.

आणि ताप आधी कळला नाही, याबद्दल. तापातला झटका बहुतेक वेळा तापाच्या पहिल्याच दिवशी येतो. कित्येक घरांत आधी झटका येतो आणि मग अंगाला हात लावल्यावर ताप असल्याचं कळतं. तापाचं औषध वेळेवर दिल्यानेही झटका टळतोच असं नाही. त्या औषधाने लेकराला बरं वाटतं, एवढंच त्याचं काम. त्यामुळे ही चूक आईची नाही, आजीचीही नाही. सासूबाईंना हे वाचून दाखवा. त्या रात्री त्याही तितक्याच घाबरलेल्या होत्या.

आता झटका आलाच तर. लेकराला खाटेवरून उचलून खाली सपाट जागेवर, सतरंजीवर ठेवा आणि एका कुशीवर वळवा, म्हणजे तोंडातली लाळ, उलटी बाहेर येईल. गळ्यातला काळा दोरा, ताईत, स्वेटरचं बटण सैल करा. घड्याळ बघा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण झटका चालू असताना एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं आणि पुढे दवाखान्यात पहिला प्रश्न हाच येतो, किती वेळ होतं? घरात दुसरं माणूस असेल तर त्याला मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. ते निर्दयपणाचं वाटतं, पण त्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओवरून डॉक्टरला जे कळतं ते दहा जणांच्या सांगण्यावरून कळत नाही.

तोंडात काहीही घालायचं नाही. चमचा नाही, बोट नाही, कापडाचा बोळा नाही. जीभ गिळली जात नाही. ती जागेवरच असते. चमच्याने दात तुटतात, तुटलेला दात श्वासनळीत जाऊ शकतो. पाणी तर अजिबात नाही. शुद्ध नसलेल्या लेकराच्या तोंडात सोडलेलं पाणी पोटात जात नाही, फुफ्फुसात जातं. झटका आपोआप थांबला असता, पण पाण्यामुळे न्यूमोनिया होऊन आठवडाभर ऑक्सिजनवर राहिलेली लेकरं मी बघितली आहेत. कांद्याने, चपलेच्या वासाने झटका थांबत नाही. तो दोन-तीन मिनिटांत बहुधा स्वतःच थांबतो, म्हणून कांद्याला श्रेय मिळतं. हातपाय दाबून धरू नका. थांबल्यावर लेकरू अर्धा तास, कधी तासभर सुस्त राहील, झोपेल. नीट जागं होऊन ओळखेपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही, तापाचं औषधसुद्धा नाही.

पाच मिनिटं झाली आणि झटका चालूच आहे, तर तो आपोआप थांबायची वाट बघायची नाही. त्याच क्षणी १०८. झटका थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा मिळतो, वजनाप्रमाणे किती मारायचा ते डॉक्टर लिहून देतात आणि करूनही दाखवतात. तुमचं गाव तालुक्यापासून लांब आहे, म्हणून पुढच्या भेटीत तो मागून घ्या आणि कसा मारायचा ते सासऱ्यांनाही शिकवा. तो चिठ्ठीशिवाय घेऊ नका, आणि घेतल्यावर मुदत संपायची तारीख बघत राहा.

हे सगळं तुम्हाला एका बैठकीत समजेल. तरी त्या रात्री उशीर झाला, आणि तो कशामुळे झाला याबद्दल मला जास्त बोलायचंय.

उशिरा आलेल्या लेकरांच्या घरच्यांना मी नेहमी खोदून विचारतो, कधी लक्षात आलं आणि निघालात कधी. आजार ओळखता आला नाही असं क्वचितच निघतं. आईला कळलेलं असतं. बऱ्याच वेळा दुपारीच कळलेलं असतं. मधले तास गेलेले असतात ते "त्यांना येऊ दे", "एवढ्या रात्री कुठं जाता", "सकाळपर्यंत बघू", "मागच्या वेळी पण असंच झालं होतं, गेला तीनशे रुपयांचा खर्च वाया" यात. आपल्याकडच्या घरात लेकराला सगळ्यात जवळून बघणारं माणूस आई असते, आणि गाडी काढायची का नाही हे ठरवण्यात तिचा शब्द सगळ्यात शेवटी येतो. तुमच्या घरी चाकणला फोन लागेपर्यंत सगळे थांबले, ते याचमुळे. कुणाचं मन वाईट होतं म्हणून नाही. ठरलेलं काही नव्हतं म्हणून.

म्हणून एकच गोष्ट कराल तर ही करा. नवरा पुढच्या वेळी घरी येईल त्या दिवशी, लेकरं बरी असताना, दिवसाउजेडी चौघांनी बसून ठरवा: लेकराजवळ जो आहे त्याने "निघायचं" म्हटलं की निघायचं. विचारायचं नाही, थांबायचं नाही, नंतर बोलही लावायचा नाही. काही लक्षणं अशी ठरवा की ती दिसली की चर्चाच संपली. ती लक्षणं मी खाली सांगतो. ती कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या मागे चिकटवा, म्हणजे घरात एकटी आजी असली तरी तिला कुणाची परवानगी लागणार नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण सोयाबीनची काढणी आणि तापाची साथ आपल्याकडे एकाच वेळी येते. तेव्हा आई रानात असते आणि लेकरं आजीजवळ.

पहिलं लक्षण श्वास. छातीत कफ घरघरतोय यावरून फारसं कळत नाही, सर्दी झालेली सगळीच लेकरं घरघरतात. मोजायला शिका. लेकरू रडत नसताना, शक्यतो झोपेत किंवा मांडीवर शांत असताना, अंगातला सदरा वर करा आणि उजेडात पोटाकडे बघा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक. मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावून मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लेकरांचा श्वास सारखा नसतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर साठ किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत चाळीस किंवा जास्त म्हणजे श्वास जोरात चाललाय. ताप जास्त असताना आकडा थोडा वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. पण मोजताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जाताना दिसला, नाकपुड्या फुलत असल्या, लेकरू कण्हत असलं किंवा श्वासामुळे दूध ओढता येत नसलं, तर पुन्हा मोजत बसायचं नाही, निघायचं. पोट उडतंय म्हणून बिब्ब्याचा चटका देणं अजून काही घरांत चालतं. त्याने न्यूमोनिया बरा होत नाही, वर जखम होते आणि दिवस जातो.

दुसरं, पाणी कमी होणं. जुलाब किती झाले यापेक्षा लघवी कधी झाली ते बघा. सहा ते आठ तासांत लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेत, लहान बाळाची टाळू आत गेलीय, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू बसते, लेकरू मान टाकतंय, तर दवाखाना. तिथवर पोचेपर्यंत आणि साध्या जुलाबात घरी ओआरएस. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर एक लिटरच पाणी, निम्मं पाकीट अंदाजाने ग्लासात नाही. छोटं पाकीट २०० मिलीचं येतं, ते लहान लेकरासाठी सोयीचं. उलटी होत असेल तर दहा मिनिटं थांबून मग चमचा-चमचा. दुकानात फळांच्या चवीचे खोके मिळतात, ते ओआरएस नव्हेत. त्यात साखर जास्त असते आणि जुलाब वाढतात. अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५च्या ऑक्टोबरात मनाई केली, पण ओआरएस मागताना पाकिटावरचं नीट वाचा. जुलाब झाले की ओआरएसबरोबर झिंक चौदा दिवस द्यायचं असतं, आशाताईंकडे दोन्ही फुकट मिळतं. चौथ्या दिवशी जुलाब थांबले म्हणून झिंक थांबवू नका.

तिसरं, लेकराचं भान. ताप उतरल्यावर लेकरू खेळलं, हसलं, पाणी मागितलं, तर आधी आकडा १०३ असला तरी रात्र घरी काढता येते. ताप उतरूनही लेकरू मलूल, हाक मारली तर डोळे उघडत नाही, मान ताठ धरतंय, सारखी उलटी, अंगावर न विरणारे जांभळे डाग, यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही. झटका पाच मिनिटांच्या वर गेला, चोवीस तासांत दुसऱ्यांदा आला, अंगाच्या एकाच बाजूला आला, किंवा तासाभराने लेकरू नीट जागं झालं नाही, तरीही तसंच. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला कसलाही ताप आला तर घरी औषध देऊन बघायचं नाही.

डेंग्यूचं वेगळं सांगतो, कारण इथे ताप उतरणं हीच फसवणूक असते. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप जातो, घरचे निर्धास्त होतात आणि त्याच वेळी लेकरू गळून जातं. पोटात सारखं दुखणं, उलट्या, हातपाय गार, नाकातून-हिरड्यांतून रक्त. आपल्याकडे हे जास्त का, तर पाणी. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांना आठवतं. पण एरवीही बऱ्याच गावांना नळ आठ-दहा दिवसांनी येतो, म्हणून प्रत्येक घरात ड्रम, रांजण, हौद भरलेला. डेंग्यूचा डास याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. पाणी साठवू नका असं तुम्हाला मी सांगू शकत नाही. ड्रमच्या तोंडाला सुती कापड घट्ट बांधा आणि आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून आतून घासा, डासाची अंडी भिंतीला चिकटलेली असतात. तापात पॅरासिटामॉलशिवाय दुसरी तापाची गोळी किंवा सिरप देऊ नका. डेंग्यू असला तर बाकीच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

पॅरासिटामॉलच्या मात्रेत घरोघरी गोंधळ आहे, म्हणून बाटली हातात घेऊन वाचा. मात्रा वयावर नाही, वजनावर असते: किलोला १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत निदान चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. तुमचं लेकरू दहा किलोचं धरलं तर एका वेळी १५० मिलिग्रॅम. आता बाटलीवर ५ मिलीत २५० लिहिलं असेल तर ते होतात ३ मिली. ५ मिलीत १२० लिहिलं असेल तर साधारण ६ मिली. आणि ड्रॉपची छोटी बाटली असेल, तर तिच्यात एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतात, म्हणजे फक्त दीड मिली. ड्रॉपचं औषध चमच्याने दिलं तर तिप्पट जास्त मात्रा पोटात जाते. घरात एकाच ताकदीची एकच बाटली ठेवा, तिच्यावर पेनाने प्रत्येकाची मात्रा लिहा, आणि अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं तेव्हा मात्रा बदला. निमेसुलाईड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११पासून बंदी आहे, तरी "जोराचं औषध" म्हणून अजून कुणी ते देतं. नाव वाचून परत करा. अंग पुसायचं तर कोमट पाण्याने. बर्फाच्या पट्ट्यांनी लेकरू कुडकुडतं आणि आतला ताप वाढतो. दोन रजया आणि कानटोपीही नको.

निघायचं ठरलं की कुठे आणि कशाने, हेही दिवसाच ठरलेलं हवं. गावात रात्री चारचाकी कुणाची मिळू शकते, अशी दोन नावं आधी विचारून कागदावर नंबरसहित. १०८ला फोन करताना गाव, तालुका, जिल्हा तिन्ही सांगा, आपल्याकडे एकाच नावाची गावं दहा आहेत. मारुतीचं देऊळ, झेडपीची शाळा, कसली तरी खूण सांगा, फोन चालू ठेवा आणि एका पोराला टॉर्च घेऊन फाट्यावर उभं करा. मोटारसायकलशिवाय इलाज नसेल तर मागे बसलेल्याने लेकराला कुशीवर, तोंड बाहेर राहील असं धरायचं. शालीत तोंडापर्यंत गुंडाळलेल्या लेकराचा रंग वाटेत कुणालाच दिसत नाही.

कुठे जायचं, यात माणसं मोठ्या दवाखान्याच्या मागे लागतात. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, संभाजीनगरची घाटी, नांदेडचं विष्णुपुरी, इथे सोयी आहेत यात शंका नाही. पण झटका चालू असलेल्या किंवा श्वास लागलेल्या लेकराला घेऊन दीड-दोन तास सरळ तिकडे पळणं चुकीचं. वाटेतल्या पहिल्या ग्रामीण रुग्णालयात किंवा चोवीस तास चालू असलेल्या बालरुग्णालयात थांबा. ऑक्सिजन, झटका थांबवायचं इंजेक्शन, रक्तातली साखर तपासणं, एवढं तिथे होतं. मग रुग्णवाहिकेतून पुढे. रात्री कुठे डॉक्टर असतो, कुठे फक्त पाटी असते, हे आशाताई आणि मेडिकलवाला तुम्हाला नीट सांगतील. आधीच विचारून ठेवा.

एक पिशवी खुंटीला टांगून ठेवा. लसीकरणाचं कार्ड, जुनी फाईल, रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स, चार्जर, लेकराचे दोन कपडे, एक चादर, थोडे पैसे. चालू औषधाच्या बाटल्या तशाच उचलून आणा, "लाल रंगाचं औषध" एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही. रेशनकार्डाचं कारण म्हणजे महात्मा फुले जनआरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि योजनेतल्या दवाखान्यात लेकरांच्या कित्येक गंभीर आजारांचा खर्च त्यात बसतो. दाखल झाल्यावर पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला, भेटा. डिस्चार्जच्या वेळी विचारलं तर फार काही हाती लागत नाही.

याच पिशवीचा आणि याच ठरावाचा उपयोग विंचवालाही होतो. आपल्या रानात लाल विंचू आहे आणि लहान लेकरासाठी तो जीवघेणा ठरू शकतो. डंखाच्या जागी फार दुखत नसेल आणि लेकराला दरदरून घाम सुटला असेल, उलट्या, हातपाय गार पडलेत, तर विष हृदयावर चढतंय. यावर प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी चालते हे महाडला काम करताना दाखवून दिलं ते डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्याच जालना जिल्ह्यातले. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी आहे, पण ती लवकर मिळाली तरच. सासूबाईंच्या अंगाऱ्याला माझा विरोध नाही, ताई. त्यांच्या मनाला त्याने धीर येतो. फक्त अंगारा गाडीत बसल्यावर लावायचा, आधी नाही.

आता मुलीकडे. चार वर्षांच्या, अंगणवाडीत जाणाऱ्या मुलीला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं यात काही बिघडलेलं नाही. वजन वाढतंय, मधल्या दिवसांत ती खेळते, तर प्रतिकारशक्तीची टॉनिकं नकोत. खोकल्याचं सिरपही नको. छिंदवाड्याला २०२५मध्ये भेसळीच्या खोकल्याच्या औषधाने लहान मुलं गेली, त्यातली बरीच नागपूरला उपचाराला आणली होती. भेसळ नसली तरी दोन वर्षांखाली हे सिरप द्यायचंच नाही आणि पाचच्या आत सहसा लागत नाही. कोमट पाणी, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, वर्षापुढच्या लेकराला झोपताना चमचाभर मध, पुष्कळ झालं. दर सर्दीला प्रतिजैविक आणि इंजेक्शन देणाऱ्या दवाखान्यात लवकर बरं वाटतं असं लोक म्हणतात. सर्दी तशीही पाच-सात दिवसांत जाते. पण खोकला रात्री आणि पहाटे जास्त असेल, धावल्यावर वाढत असेल, तर दम्यासाठी तपासा. दोन आठवडे सलग खोकला, वजन घटतंय किंवा घरात कुणाला टीबी असेल तर तीही तपासणी करा.

दोघांचंही हिमोग्लोबिन बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या जवळपास ६९ टक्के लेकरांत रक्त कमी निघालं. लोह कमी असलेल्या मुलांत तापातले झटके जास्त दिसतात, हेही माहीत आहे. सकाळचा चहा-खारी बंद करा, चहाने जेवणातलं लोह अंगी लागत नाही. लोहाचं औषध डॉक्टरांच्या मात्रेत, तीन महिने.

मुलीबद्दल आणखी एक. त्या रात्री तिने भावाला निळं पडताना बघितलं आणि तिला शेजारी टाकून सगळे निघून गेले. तुम्ही लिहिलंय की ती आता रात्री अंथरूण ओलं करते, तुमचा पदर सोडत नाही. तिला रागावू नका, लाजवू नका. तिला जवळ घेऊन तिच्या भाषेत सांगा: बाळाला ताप आला होता, डॉक्टरांनी बरं केलं, तुझ्यामुळे काही झालं नाही. लहान मुलांना खरंच वाटतं की आपण भांडलो म्हणून भावाला झालं. आणि पुन्हा वेळ आली तर ती कुणाजवळ राहणार ते तिला आत्ताच सांगून ठेवा. महिना-दोन महिन्यांत हे जातं. नाही गेलं तर दाखवा.

तुमची झोप. दर तासाला उठून कपाळाला हात लावायची गरज नाही. त्याने झटका टळत नाही, तुम्ही मात्र थकता. लेकरू तुमच्याजवळ झोपू दे, शेजारी थर्मामीटर ठेवा. त्याला ताप असेल त्या रात्रीच पाळी लावा, बारापर्यंत सासूबाई, नंतर तुम्ही. ताप नसलेल्या रात्री झोपा. नवऱ्याला चाकणहून येता येत नसेल, तर रोज रात्री नऊला फोन, आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या एखाद्याचा नंबर कागदावर. त्याने फोनवर फक्त एक वाक्य बोलायचं ठरवा: "तू निघ, मी पोचतो." तरीही महिनाभराने झोप येत नसेल, छाती धडधडत असेल, रडू येत असेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्याच्या विभागात जा. लेकराच्या फाईलइतकंच हेही आजारपण आहे.

शेवटी तुम्ही विचारलंय की दीड वर्षाचा बूस्टर बाकी आहे, लस दिली की ताप येतो, मग देऊ का. द्या. सोळा ते चोवीस महिन्यांत डीपीटीचा बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतो. तापातल्या झटक्यामुळे त्यातलं काही बंद होत नाही. डीपीटीने ताप आला तर एक-दोन दिवसांत येतो, गोवर-रुबेलाने साधारण सात ते बारा दिवसांनी. ते दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि त्या दिवसांत नवऱ्याला सुट्टी मिळते का बघा. लसीच्या दिवशी नर्सताईंना झटक्याचं आधी सांगा, लेकराचं वजन करून घ्या आणि पॅरासिटामॉलची मात्रा तिथेच बाटलीवर लिहून घ्या.